पोलीस ठाण्यात मुलांना नेताना कोठडी दाखवावी का?

धागा : शाईदौत

आमच्या तालुक्याच्या गावी मुलांचे एक वाचनालय आहे आणि त्याची रविवारची बाजू मी सांभाळते. सात ते बारा वर्षे वयाची बावीस मुले तेथे नियमाने येतात. पुस्तकांत वाचलेली कामे प्रत्यक्षात कुठे आणि कशी होतात हे त्यांना दिसावे म्हणून आम्ही अधूनमधून त्यांना बाहेर नेतो. टपाल कार्यालय झाले, एसटीचे आगार झाले, दूध संकलन केंद्रही झाले. त्यानंतर मुलांनीच पोलीस ठाण्याचा हट्ट धरला. जानेवारीचा पहिला आठवडा त्यासाठी सोयीचा असतो. २ जानेवारी १९६१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी महाराष्ट्र पोलीस दलाला ध्वज प्रदान केला, म्हणून तो दिवस दलाचा स्थापना दिन मानला जातो आणि त्या आठवड्यात ठिकठिकाणची ठाणी शाळकरी मुलांना आत बोलावतात. सगळे त्याला ‘रेझिंग डे’च म्हणतात. आमच्यातल्या एकाने तो ‘रेसिंग डे’ असा ऐकला होता आणि पोलिसांच्या गाड्यांची शर्यत पाहायला मिळेल या आशेवर तो सर्वांत आधी येऊन थांबला होता.

घरोघरी संमतिपत्रे गोळा करताना मात्र वेगळेच अनुभव आले. एका आजोबांनी ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण ऐकवली आणि ठाण्याची पायरी त्यातच धरायची असे बजावले. दोन मुलींना घरूनच नकार मिळाला. जी मुले आली, त्यांतल्या धाकट्यांच्या मनात पोलीस म्हणजे ताटात भाजी टाकणाऱ्यांना घेऊन जाणारा माणूस होता, कारण घरात तसेच सांगितले गेले होते. एका सात वर्षांच्या मुलाने तर पोहोचल्या पोहोचल्या पोलीस निरीक्षकांनाच विचारले, “जेवलो नाही तर तुम्ही नेता, पण नेता कुठे?” साहेबांनी आमच्याकडे पाहिले आणि आम्ही जमिनीकडे.

सुरुवात फार चांगली झाली. भिंतीवरच्या बोधचिन्हातला तारा, त्यातला पंजा आणि खालचे ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे शब्द मुलांनी वाचून दाखवले आणि हा खल म्हणजे खलबत्त्यातला का, अशी चौकशीही झाली. मग ठाणे अंमलदारांनी आम्हाला आपल्या टेबलाभोवती उभे केले. ठाण्यात चोवीस तासांत जे घडते, म्हणजे कोण आले, कोण कोणत्या कामाला बाहेर पडले, काय खबर मिळाली, ते वेळेसह ठाणे दैनंदिनीत नोंदवले जाते, हे त्यांनी सांगितले. एवढ्यावर मुलांचे लक्ष टिकले नसते. पण त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि कोणाचे काही हरवले आहे का, असे विचारले. एका मुलीची कंपासपेटी हरवली होती. अंमलदार तिला अहो-जाहो करत एकेक प्रश्न विचारू लागले. पेटी शेवटची केव्हा पाहिली? कोणत्या रंगाची होती? तिच्यावर ओळखू येईल अशी काही खूण आहे का? आत काय काय होते? कोणी नेताना पाहिले, की नुसता संशय आहे? मुलगी येताना वर्गातल्या एका मुलीचे नाव मनाशी धरून आली होती, हे आम्हाला नंतर कळले. ‘पाहिले का’ या प्रश्नावर ती थांबली, बराच वेळ विचार करून “नाही, पाहिले नाही” असे म्हणाली आणि अंमलदारांनी तेवढेच लिहिले. मग सगळा मजकूर तिला वाचून दाखवला, बरोबर आहे ना असे विचारले आणि सही घेतली. आयुष्यातली पहिली सही तिने त्या कागदावर केली. मला विचाराल तर संपूर्ण भेटीत पाहण्यासारखे जे होते ते या वीस मिनिटांत घडले.

पुढे बिनतारी संदेशाचा संच झाला, बेड्या झाल्या, एसएलआर आणि इन्सास या रायफली झाल्या. शस्त्रांपाशी मुलग्यांची रांग हलेना आणि छायाचित्रांसाठी पालकांचीही हलेना. आवारात जप्त केलेल्या मोटारसायकली एकमेकींवर रेलून गंजत होत्या. एकीच्या चाकातून पिंपळाचे रोप वर आले होते.

सर्वांत शेवटी कोठडी दाखवली. आत एक तरुण बसलेला होता. बरोबरच्या शिपायाने, आणि हे मी मुद्दाम नोंदवते की त्यांचा हेतू अजिबात वाईट नव्हता, मुलांना गजांपाशी बोलावून सांगितले, “बघा, चोरी केली की असे बसावे लागते.” तरुणाने सदरा वर ओढून तोंड झाकले. पण त्याआधीच आमच्यातल्या एका मुलाने त्याला ओळखले होते, कारण तो त्याच्याच गल्लीतला होता. मुले घरी गेली आणि संध्याकाळपर्यंत घरोघरी बातमी पोहोचली. दुसऱ्या दिवशी त्या तरुणाची आई वाचनालयाच्या दाराशी आली. ती भांडली नाही. मुलांना तिथे कोणी नेले होते, एवढेच तिने विचारले आणि मी नेले होते असे सांगितल्यावर ती परत गेली.

यंदा पुन्हा मुलांना न्यायचे आहे. ज्यांनी अशा भेटी आयोजित केल्या आहेत किंवा ज्यांनी ठाण्यात नोकरी केली आहे, त्यांना माझा प्रश्न आहे की कोठडी दाखवावी का, आणि दाखवायची नसेल तर ठाणेवाल्यांना ते कसे सांगावे?

प्रतिसाद : खाकी३३

शाईदौतताई, माझी तेहेतीस वर्षे खात्यात गेली आणि सहायक फौजदार म्हणून मी निवृत्त झालो. अशा भेटींत मुलांना हिंडवण्याचे काम बहुधा माझ्याच गळ्यात पडत असे, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट ही की, तुम्ही आलात त्या दिवशी ठाण्याचे नेहमीचे काम थांबलेले नसते. निम्मे मनुष्यबळ बंदोबस्ताला, दोघे न्यायालयात, एक जण समन्स बजावायला गेलेला, आणि जो उरतो त्याला सांगितले जाते की मुलांना काहीतरी दाखव. त्याला कोणी शिकवलेले नसते. रायफल दाखवायला सोपी असते. ती उचलली की मुले गप्प होतात. कोठडीचेही तसेच आहे. शिपायाने जे वाक्य उच्चारले ते त्याला त्याच्या लहानपणी कोणीतरी ऐकवलेले असणार.

माझी पद्धत अशी होती की, कोठडी रिकामी असेल तरच दाखवायची आणि रिकामी असेल तर तिचे दार उघडून मुलांना आत उभे करायचे. बाहेरून पाहिलेली कोठडी आणि आतून पाहिलेली कोठडी यांत फार फरक असतो. मुले हमखास विचारत की पंखा का नाही, संडास कुठे आहे आणि रात्री दिवा बंद करतात का. पहाऱ्यावरचा माणूस आत असलेल्याच्या जिवाला जबाबदार असतो, त्याला वेळेवर जेवण द्यावे लागते आणि वैद्यकीय तपासणीला न्यावे लागते, हे मी तेव्हा सांगत असे. कोठडीत कोणी असेल तर त्या बाजूला जायचेच नाही. एकदा शाळेच्या बाईंनी आग्रह धरला होता. आत माणूस आहे आणि तो दाखवण्याची वस्तू नाही, असे मी म्हणालो तेव्हा त्यांना राग आला. तो पुढेही गेला नाही.

आणखी एक सुचवतो. मुलांनी बीट अंमलदाराला भेटावे. निरीक्षकांची दोन-तीन वर्षांत बदली होते, पण गावात फिरणारा, कोणाच्या शेताचा बांध कोणाशी भांडणात आहे हे जाणणारा माणूस तोच असतो. खेड्यातली मुले असतील तर पोलीस पाटलांनाही बोलवा. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाने नेमलेला हा माणूस त्यांच्याच गावात राहत असतो, आणि तो नेमके काय करतो हे मुलांना क्वचितच ठाऊक असते.

जाता जाता जुनी आठवण सांगतो. आम्ही भरती झालो तेव्हा ठाण्यात दर तासाला घंटेचे टोल पडत आणि अर्धे गाव त्यावर घड्याळ लावी. फिर्याद कार्बन घालून लिहिली जाई. खालच्या प्रतीवर अक्षर उमटावे म्हणून इतके दाबून लिहावे लागे की तर्जनीला घट्टा पडत असे. माझा अजून आहे. आता सगळे सीसीटीएनएस या ठाण्यांना जोडणाऱ्या संगणक प्रणालीवर जाते.

प्रतिसाद : वकिलीण

खाकीकाकांनी अनुभवातून जे सांगितले त्याला कायद्याचाही आधार आहे. अटकेतला माणूस आरोपी असतो, दोषी नव्हे. चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते, असे संविधानाचा अनुच्छेद २२ सांगतो. “चोरी केली की असे बसावे लागते” हे वाक्य त्यामुळे अयोग्य तर आहेच, शिवाय चुकीचेही आहे, कारण त्याने चोरी केली की नाही हे ठरायला अजून खटला चालायचा असतो. याला एक तपासाची बाजूही आहे. ज्या गुन्ह्यात ओळख परेड व्हायची असते, त्यात आरोपीचा चेहरा आधी कोणाला दिसू नये म्हणून पोलीस त्याला बुरखा घालून नेतात. साक्षीदाराने त्याला आधीच पाहिले असेल तर परेडला अर्थ उरत नाही. इतकी मुले आणि त्यांचे पालक गजांपाशी आणणे हे पोलिसांच्याच कामात पाणी ओतण्यासारखे आहे. ठाण्याला हे कसे सांगावे, असे ताईंनी विचारले आहे. मी हाच मुद्दा पुढे करीन. तो लगेच पटतो.

मुलांना सांगण्याजोगे आणखी पुष्कळ आहे आणि त्यांना ते आवडते, कारण ते त्यांच्याविषयी असते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार लहान मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. प्रत्येक ठाण्यात किमान एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा, अशीही त्यात तरतूद आहे. भेटीच्या दिवशी तो अधिकारी कोण ते विचारून घ्यावे आणि मुलांची त्याच्याशी ओळख करून द्यावी. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने तर मुलाचा जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्याने गणवेश घालायचा नाही आणि कोणत्याही मुलाला रात्री ठाण्यात थांबवायचे नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. पंधरा वर्षांखालील मुलाला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनीच त्याच्या घरी जायचे असते, हे मी एका शाळेत सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून टाळ्या पडल्या होत्या.

कंपासपेटीचा प्रसंग वाचून मला त्या अंमलदारांचा हेवा वाटला. फिर्याद फिर्यादीला वाचून दाखवावी, तिच्यावर सही घ्यावी आणि प्रत विनामूल्य द्यावी, हे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. मोठ्या माणसांनाही ते ठाऊक नसते. प्रत मागायची राहिली असेल तर पुढच्या वेळी त्या मुलीला मागायला लावा.

पिंपळ उगवलेल्या मोटारसायकलींबाबत एवढेच सांगते की, जप्त वाहने ठाण्यात वर्षानुवर्षे पडून राहू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ सालीच म्हटले आहे. मालकाने अर्ज करून हमीपत्रावर वाहन सोडवून घ्यायचे असते. पिंपळ तरीही वाढतो आहे.

प्रतिसाद : दोन मुलांचा बाबा

मला हे सगळे जरा अति हळवे वाटते. मुलांना थोडा धाक हवाच. गजाआडचा माणूस पाहून एखादे पोर वाकड्या वाटेला जाण्यापासून थांबत असेल तर त्यात बिघडले काय? आम्हाला आमच्या वडिलांनी असेच दाखवले होते आणि आम्ही सरळ राहिलो.

प्रतिसाद : पारावरची

बाबा, धाकाविषयी मी थोडे सांगते. मी पारधी वस्तीवरच्या मुलांना शिकवते. तुमच्या मुलांना धाक दाखवावा लागतो. माझ्या मुलांना तो आयता मिळालेला असतो. शाळेच्या आवारात एकदा टपाल खात्याचा माणूस खाकी पोशाखात आला तेव्हा माझ्या वर्गातली नऊ मुले मागच्या खिडकीतून शेतात पळाली होती आणि त्यांतली दोन अंधार पडेपर्यंत परतली नव्हती. त्यांपैकी कोणी काहीही केलेले नव्हते. आसपास चोरी झाली की पहाटे वस्तीवर गाडी येते, हे त्यांनी पाहिलेले असते.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अशा जमातींतल्या माणसांना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कित्येक कुटुंबे तारेच्या कुंपणात राहिली, त्यांची हजेरी घेतली जाई. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि म्हणून त्या तारखेला विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला, पण हजेरीची सवय पुष्कळ काळ टिकली. आजोबांनी हजेरी दिली, बापाला संशयावरून उचलले आणि आता नातवाला आपण सहलीला न्यायचे म्हणतो.

तरीही मी नेले, आणि ते असे. आधी एक महिला शिपाई साध्या साडीत वस्तीवर आली. तिने ओळख सांगितली नाही. मुलांबरोबर विटीदांडू खेळली, जेवली आणि परत गेली. असे तीनदा झाले. चौथ्यांदा ती गणवेशात आली तेव्हा दोन मुली पळाल्या, बाकीची थांबली आणि एकाने तिची टोपी मागितली. त्यानंतर महिनाभराने आम्ही ठाण्यात गेलो. कोठडीकडे गेलोच नाही. तेथील निरीक्षकांनी मुलांना खुर्च्या दिल्या. हे वाचायला किरकोळ वाटेल. परतताना मुलांनी घरी एवढेच सांगितले की आम्ही खुर्चीवर बसलो, आणि एका आजीचा त्यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

शाईदौतताई, तुमच्या बावीस मुलांत अशा वस्तीवरचे एखादे मूल असू शकते, किंवा ज्याचे वडील तुरुंगात आहेत असेही. संमतिपत्र घेताना हे विचारता येत नाही, पण ते आहे असे गृहीत धरून भेट आखता येते.

प्रतिसाद : खाकी३३

पारावरचीताई, पहाटेच्या त्या गाडीत मीही बसलेलो आहे. यापेक्षा जास्त लिहीत नाही. महिला शिपायाला तीनदा साध्या वेशात पाठवणाऱ्या अधिकाऱ्याला माझा सलाम सांगा.

प्रतिसाद : तोक्योकर

आम्ही सध्या जपानमध्ये आहोत आणि येथे या विषयाला एक वेगळे दार आहे. प्रत्येक वस्तीत ‘कोबान’ नावाची छोटी पोलीस चौकी असते आणि लहान मुलांचा पोलिसांशी पहिला संबंध बहुधा सापडलेल्या वस्तूमुळे येतो. माझ्या मुलाला रस्त्यात दहा येनचे नाणे सापडले. त्याच्या वर्गमित्रांनी त्याला थेट चौकीत नेले आणि तेथील पोलिसाने नाणे कुठे सापडले, किती वाजता सापडले हे सगळे गांभीर्याने लिहून घेतले. ताईंच्या कंपासपेटीचीच ही उलटी बाजू आहे. त्या भेटीत मुलांना कोणी काही दाखवले नाही. त्यांच्याकडे काम होते म्हणून ती गेली होती. आपल्याकडे मुलांना ठाण्यात जाण्यासाठी असे एखादे खरे, लहानसे काम देता येईल का, असा विचार मनात आला. आपल्या ठाण्यातले अंमलदार दहा रुपयांसाठी कागद काढतील का, हे मात्र त्यांच्या त्या दिवसाच्या बंदोबस्तावर अवलंबून राहील.

प्रतिसाद : शाईदौत

सर्वांचे आभार. बाबा, तुमच्या मुद्द्यावर मी खूप विचार केला, पण त्या गल्लीतला मुलगा अजून वाचनालयात आलेला नाही, आणि तो काही वाकड्या वाटेला निघालेला नव्हता.

काल मी ठाण्यात जाऊन आले. निरीक्षक बदलून गेले आहेत. नव्या साहेबांना वकिलीणताईंचा ओळख परेडचा मुद्दा सांगितला. त्यांनी तो अर्ध्यातच समजून घेतला आणि कोठडी रिकामी नसेल तर भेटीतून वगळायची, असे आमच्या अर्जावरच लिहून दिले. शस्त्रे शेवटी, दहा मिनिटे, आणि तीही हातात न देता. बाल कल्याण पोलीस अधिकारी आधीच्या रविवारी साध्या कपड्यांत वाचनालयात येऊन गोष्ट वाचतील. ११२ (तातडीची मदत) आणि १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) हे क्रमांक मुलांकडून पाठ करून घेण्यापेक्षा फोन लागल्यावर काय बोलायचे, म्हणजे आधी ठिकाण, मग काय झाले, मग आपले नाव, याचा सराव घ्यायचा असे ठरले आहे. हे त्यांनीच सुचवले. घाबरलेली माणसे सगळे सांगतात आणि पत्ता सांगायचा विसरतात, असे ते म्हणाले.

दैनंदिनीचे टेबल मात्र आम्ही तासाभरासाठी मागून घेतले आहे. गेल्या वर्षीचे अंमलदार अजून तेथेच आहेत. कंपासपेटी सापडली का, असे त्यांनी मला आपणहून विचारले. सापडली होती, घरच्याच कपाटामागे. तसे सांगितल्यावर ते म्हणाले की मग त्या मुलीने येऊन तसे लिहून द्यायला हवे. ती येणार आहे.